रडली नाही

टिकलीचा व्यास पाच मिलिमीटर होता. भारतीने तो पट्टीने मोजला होता, कारण कार्डावरचे चौकोन त्या बेताने आखायचे होते. एक सेंटिमीटरचा चौकोन, मधोमध टिकली, चारी बाजूंनी अडीच मिलिमीटर मोकळी जागा. प्रत्यक्षात संस्कृतीने लावलेली एकही टिकली मधोमध नव्हती. ती डावखुरी होती. टिकली अंगठ्यावर घ्यायची आणि जोर लावून दाबायची, त्यामुळे प्रत्येक टिकली चौकोनाच्या डाव्या रेघेला टेकलेली असायची. कार्डावर वीस चौकोन होते. एकोणीस टिकल्या डावीकडे टेकलेल्या आणि विसावी अगदी मधोमध.

ते कार्ड भारतीच्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात, हजेरीपत्रकाखाली पडून होतं. संस्कृतीला जाऊन चार महिने झाले होते. हजेरी घेताना भारती रोज कप्पा उघडायची, हजेरीपत्रक काढायची आणि कार्डाकडे न बघता कप्पा लावायची. संस्कृतीच्या आईला एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती सांगायची की नाही, हे चार महिन्यांत ठरत नव्हतं.

राहुरीतली ही विशेष शाळा दोन खोल्यांची आणि एका पत्र्याच्या शेडची. मुलं सत्तावीस. कुणाची बुद्धीची वाढ कमी, कुणाला बोलता येत नाही, कुणाला दोन्ही. भारती मूळची अकोल्याकडची. रसायनशास्त्रात पदवी घेतली, मग विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि सहा वर्षांपूर्वी इथे लागली. प्रयोगशाळेतली सवय तिच्या हाताला राहिली होती. वर्गात काय झालं ते ती आकड्यांत लिहून ठेवायची.

संस्कृती शाळेत आली तेव्हा बारा वर्षांची होती. सोनईच्या रस्त्यावरच्या एका वस्तीतून शाळेची गाडी तिला आणायची. तिला नऊ शब्द येत होते. आई, पानी, नको, न्हाई, भाकर, असे. बाकी सगळं ती रडून सांगायची, आणि तिचं रडणं साधं नव्हतं. पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

"हिच्या गळ्यात भोंगा बसवलाय बाई देवानं," शाळेतल्या मदतनीस रंगुबाई म्हणायच्या. मुलांना भरवणं, धुणं-पुसणं, शांत करणं हे सगळं त्यांच्याकडे.

गाडी चालवणारा छगन हसून सांगायचा, "बाई, मी हॉर्न वाजवायचा सोडलाय. ही मागं बसली की म्होरचा ट्रॅक्टर आपोआप बाजूला हुतो."

पहिल्या आठवड्यात भारतीने मोजलं. एकतीस वेळा. प्रत्येक वेळेपुढे कारण लिहिलं. भूक, लघवी, गोंगाटाची भीती. सात ठिकाणी तिने नुसतं प्रश्नचिन्ह घातलं होतं.

महिन्याभरात मुख्याध्यापक अमृत सरांनी तिला बोलावलं. दोन पालकांनी तक्रार केली होती, की त्या मुलीच्या आवाजाने आमची मुलं बिथरतात. सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, तिचं रडं आवरा काहीतरी करून. नाही तर तिच्या घरी सांगावं लागेल, आणि सांगितलं की ती पोर घरीच बसणार. मग तिला कोण शिकवणार?"

भारतीने कागदावर बेत आखला. आधी चित्रं. ताटाचं चित्र दाखवलं की भूक, संडासच्या दाराचं चित्र दाखवलं की लघवी, कानावर हात ठेवलेल्या मुलीचं चित्र दाखवलं की भीती. संस्कृती ही चित्रं दाखवायला शिकली की मग दुसरा टप्पा, बक्षिसाचा. अर्धा दिवस न रडता गेला की एक टिकली. वीस टिकल्या भरल्या की शाळा सुटताना घंटा द्यायचा मान. शेडच्या खांबाला लोखंडी पट्टी टांगलेली होती, आणि तिच्यावर हातोडी मारण्याइतकं मोठं सुख संस्कृतीच्या जगात दुसरं नव्हतं.

तीन चित्रं झाली. चौथं राहिलं. दुखण्याचं चित्र कसं काढायचं ते भारतीला सुचेना. डोक्याला पट्टी बांधलेला मुलगा काढला तर संस्कृती त्याला टोपी म्हणून बघायची. पोटावर हात ठेवलेली बाई काढली तर पोट भरलं असं समजायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर नीट बसून काढू, असं भारतीने ठरवलं आणि टिकल्या सुरू केल्या.

आणखी एक गोष्ट होती. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमात, पुण्याला, शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, 'जे मेलेल्या माणसालाही जमतं, त्याला वर्तन म्हणू नका. त्यासाठी बक्षीस देऊ नका.' सगळा वर्ग हसला होता. सरांनी समजावलं, 'मारलं नाही', 'ओरडला नाही', 'उठला नाही' हे सगळं मेलेला माणूस तुमच्या मुलांपेक्षा चांगलं करतो. मूल काय करतं त्याला बक्षीस द्या, काय करत नाही त्याला नको. भारतीने ते वहीत उतरवलं होतं, खाली रेघ मारली होती. तरी कार्डावर मथळा घालायची वेळ आली तेव्हा 'चित्र दाखवून मागितलं' हे तिने लिहिलं आणि खोडलं. रंगुबाईंना ते कळलं नसतं, छगनला नाही, आईला तर नाहीच. सगळ्यांना एका नजरेत कळेल असं तिने लिहिलं, 'रडली नाही'.

पद्धत चालली. एकतीसचे एकोणीस झाले, एकोणिसाचे आठ. आठवर बरेच दिवस अडलं, मग दोन. भारतीने आलेख काढला. रेघ इतकी सरळ खाली येत होती की महाविद्यालयातल्या प्रयोगवहीत तिला तशी कधी मिळाली नव्हती.

पालकसभेला संस्कृतीची आई आली. विमल, चाळिशीची, उन्हाने रापलेली. ती एरवी कोपऱ्यात बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. त्या दिवशी ती पुढे आली.

"मॅडम, घरी बी लावू का टिकल्या? सोनईच्या बाजारातनं पाकीट आनते."

"लावा की विमलताई. घरी आणि शाळेत एकच नियम असला तर फार छान." भारतीला खरंच आनंद झाला होता. तिने घरासाठी दुसरं कार्ड आखून दिलं.

"आमच्या सासूबाई काय म्हनल्या सांगू? म्हनल्या, विमल, तुजी पोरगी शहानी झाली गं." विमलचा आवाज मध्येच फाटला. ती हसली. "शहानी म्हनल्या."

न रडणाऱ्या मुलाला शहाणं म्हणणं हे घरोघरचं आहे. दवाखान्यात सुई टोचताना म्हणतात, पडल्यावर गुडघा झाडताना म्हणतात. पण विमलच्या वस्तीवर या पोरीला पहिल्या वर्षापासून एकच शब्द होता, येडी. येडी आली, येडीला भाकर द्या, येडीला आत न्या. बारा वर्षांत शहाणी हा शब्द तिच्यासाठी कुणी वापरलाच नव्हता. आता विमल तो दिवसातून दहा वेळा वापरू लागली. संस्कृतीनेही तो उचलला. टिकली लावून झाली की छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "शहानी." तिचा दहावा शब्द.

दिवाळी झाली. आठवड्याचे दोन होते तेही शून्यावर आले. चौथं चित्र काढायचं राहूनच गेलं, कारण आता घाई वाटत नव्हती.

जानेवारीतला मंगळवार होता. चालू कार्डावर एकोणीस टिकल्या झाल्या होत्या. संस्कृतीने दुपारचा डबा उघडला नाही. ती बाकावर पुढे वाकून, डावा हात पोटाशी आवळून बसली होती.

"बाई," रंगुबाई म्हणाल्या, "ही पोरगी सकाळधरनं अशीच बसलीय. पोट दुखतंय जनू तिचं."

भारती तिच्यासमोर उकिडवी बसली. "संस्कृती, पोट दुखतंय का?"

मुलीचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे भरलेले होते, पण पाणी खाली येत नव्हतं. ते ती येऊ देत नव्हती, हे भारतीने पाहिलं. तिने ते पाहिलं, याबद्दल पुढे तिच्या मनात कधी शंका उरली नाही.

"न्हाई," संस्कृती म्हणाली. उजव्या हाताचं बोट तिने भिंतीवरच्या कार्डाकडे केलं. "शहानी."

भारतीने कपाळाला हात लावून पाहिला. थोडा गरम वाटला, पण दुपारी पत्र्याखाली सगळीच मुलं गरम लागायची. तिने कार्ड काढून बाकावर ठेवलं आणि टिकली पुढे केली. संस्कृतीचा डावा हात पोटावरून निघेना. मग भारतीने स्वतःच टिकली लावली, मधोमध, आणि म्हणाली, "शाब्बास. किती शहाणी मुलगी आहे!"

शाळा सुटताना संस्कृतीने घंटा दिली, उजव्या हाताने, वाकून. हातोडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रंगुबाई म्हणाल्या, "आता भोंग्याची घंटा झाली गं बाय!" सगळे हसले. भारतीही हसली.

बुधवारी ती आली नाही. विमलने तिला ओवा आणि कोमट पाणी दिलं, पोटाला एरंडाचं पान बांधलं. अंग तापलं होतं, पण पोरगी शांत पडून होती. गुरुवारी दुपारी तिचा चेहरा जरा सैलावला, तशी विमल म्हणाली, बरं वाटतंय वाटतं. भारतीने पुढे पुस्तकात वाचलं, की अपेंडिक्स फुटल्यावर काही तास दुखणं कमी होतं. संध्याकाळी पोट फळीसारखं ताठ झालं. टेम्पोत घालून नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं, एवढं दुखत असताना पोरगी रडली कशी नाही? विमल म्हणाली, "ती शहानी झालीय आता."

शनिवारी ती गेली.

दहाव्याला भारती वस्तीवर गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. ओसरीत बायका बसल्या होत्या. विमलच्या सासूबाई, कडूबाई, भिंतीला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "पोटची पोर तीन दीस आतल्या आत जळत हुती अन् आईला कळंना. जनावराच्या वासराचं कळतं बाई गाईला. ही कसली आई!"

विमल मान खाली घालून जमिनीवरची काडी मोडत होती. भारतीला पाहून ती उठली, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम, शेवटपत्तर रडली न्हाई बगा. तुमी लई शहानी केली हुती तिला."

विमलजवळ उरलेलं एवढंच एक सुख, ते आपण काढून घ्यायचं? भारती म्हणाली, "स्वतःला जपा," आणि परत आली. पुढे ती दोनदा वस्तीवर गेली, दोन्ही वेळा चहा पिऊन परतली.

एप्रिलच्या शेवटी अमृत सरांनी तिला पुन्हा बोलावलं. नगरला विशेष शिक्षकांची कार्यशाळा होती. विषय होता, बक्षीस पद्धतीने वर्तनात सुधारणा.

"तुम्ही बोलायचं आहे, बाई. तो संस्कृतीचा आलेख दाखवा. एकतीसवरून शून्य! असा निकाल जिल्ह्यात कुणाकडे नसेल. नाव घालू नका, नुसतं 'स' लिहा."

"सर, ते शून्य बरोबर नाही."

"मोजलं तुम्हीच ना?"

"मोजलं बरोबर. अर्थ चुकीचा लावला." तिने आवाज सावरला. "तिच्या कारणांच्या यादीत सात प्रश्नचिन्हं होती. ती काय होती ते मी शोधलं नाही. ते दुखणं असेल, सर. कान असेल, दात असेल. ते सांगायला तिच्याकडे रडणंच होतं. दुसरं काही न देता मी ते काढून घेतलं."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अपेंडिक्सचं डॉक्टरांनाही चटकन कळत नाही, बाई. अहो, तिच्या आईला कळलं नाही, तर तुम्हाला काय कळणार?"

"तेच तर सगळे म्हणतात, सर. आईला कळलं नाही."

"मग तुम्ही काय वस्तीवर जाऊन सांगणार? उद्या चार माणसं शाळेच्या दारात उभी राहतील. पालक मुलं काढून घेतील. सत्तावीस..." ते थांबले. "सव्वीस मुलं आहेत. त्यांचा विचार करा."

भारतीने तो विचार चार महिने केला होता. प्रत्येक वेळी तो तिला बरोबर वाटला होता आणि प्रत्येक वेळी त्यामुळे तिला बरं वाटलं होतं. हे बरं वाटणं न बोलता सुटल्याचं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. तिने कार्यशाळेला नाही म्हटलं आणि शनिवारी दुपारी सोनईची एसटी धरली.

फाट्यावर उतरून कालव्याच्या चारीच्या कडेने दहा मिनिटं चालायचं. विमल घरापुढच्या शेडमध्ये कांदे निवडत होती. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे, सडके मागे. ती खूप वाळली होती. कडूबाई दारातल्या बाजेवर बसल्या होत्या.

"या, मॅडम. उन्हाच्या आलात." विमलने पदराने हात पुसले. "चहा टाकते."

"चहा नको विमलताई. बसा."

"आसं कसं? आई काय म्हनतील?"

"म्या कशाला म्हनतीय?" कडूबाई बाजेवरून म्हणाल्या. "कर की. मास्तरीनबाई येवढ्या लांबनं आल्यात. येतं ते तरी कर."

विमलने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. पण उठली नाही, पुन्हा कांद्यांसमोर बसली. भारती तिच्याशेजारी रिकाम्या गोणीवर बसली. एसटीत तिने वाक्यं जुळवली होती. त्यांत पद्धत होती, टप्पे होते, चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते होतं. इथे बसल्यावर त्यांतलं एकही तोंडात येईना.

विमलच आधी बोलली.

"एक इचारू का, मॅडम? लई दिवसांचं मनात हाय."

"विचारा ना."

"त्या मंगळवारी शाळंत रडली हुती का ती?"

"नाही."

"खरं सांगा. मला वाईट न्हाई वाटनार. उलटं बरं वाटंल."

"बरं का वाटेल?"

विमलने एक कांदा हातात घेतला, तो कुठल्या ढिगात टाकायचा ते तिला ठरवता येईना. "तुमच्यापाशी रडली आसंल, तर निदान कुनापाशी तरी मन मोकळं केलं तिनं, आसं वाटंल. माझ्यापाशी न्हाई रडली. बारा वर्सं कडंवर वागवली तिला, मॅडम. नुसता हुंकार दिला तरी मला कळायचं, पोट हाय का कान हाय. साऱ्या वस्तीला वाटायचं ही उगंच बोंबलती, मला न्हाई वाटलं कंदी. अन् त्या तीन दिसांत मी उशाला बसले, इचारलं, बाय, दुखतंय का गं? तर न्हाई म्हनली. तोंड फिरवलं. माझ्यापासनं का लपीवलं तिनं? माजं काय चुकलं आसंल, येवढंच मला कळंना. रातभर तेच."

"आता कशाला उकरती ते," कडूबाई म्हणाल्या. "तुला कळाया पायजे हुतं. कळलं न्हाई. झालं."

विमलने कांदा सडक्यांच्या ढिगात टाकला. तो चांगला होता.

भारती उठून उभी राहिली. बसून सांगण्यासारखं हे नव्हतं, आणि बाजेपर्यंत ऐकू जायला हवं होतं.

"आजी, तुम्हीपण ऐका," ती म्हणाली. "विमलताई, तिने तुमच्यापासून काही लपवलं नाही. रडायचं नाही, कितीही वाटलं तरी रडायचं नाही, हे मी तिला शिकवलं होतं. त्यासाठी मी तिला बक्षीस देत होते. घरीही तसंच करा, म्हणून तुम्हाला मीच सांगितलं. त्या मंगळवारी तिचं पोट दुखत होतं. मला दिसत होतं. ती डोळ्यांतलं पाणी आवरत होती, आणि ते आवरलं म्हणून मी तिला शाबासकी दिली. तुम्हाला तिचं सगळं कळत होतं. ते कळायची वाट मी बंद केली. चार महिने मला हे माहीत आहे आणि मी बोलले नाही. तिच्या आईचं काही चुकलं नाही, आजी. चूक माझी आहे."